तीन बोटांचं मलम

आमच्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात हल्ली कोरड्या कातडीसाठी एक अख्खं कपाट आहे. बाळांसाठी वेगळं, म्हाताऱ्यांसाठी वेगळं, हिवाळ्याचं वेगळं. दुकानातली मुलगी मला दर वेळी उत्साहाने समजावते, "काकू, आंघोळ झाल्या झाल्या लावायचं बरं का, अंग ओलसर असतानाच." मी मान डोलावते. साठी उलटून गेलेल्या बाईला काहीतरी नवं शिकवल्याचं समाधान तिला मिळत असेल तर मी का मोडता घालू? ती सांगते ते मला नवव्या वर्षापासून पाठ आहे, आणि तेही बंगालीतून.

बाटलीला वर पंप असतो. दाबला की ठरावीक मलम हातावर येतं, आतल्या मलमाला कुणाचा हात लागत नाही. फार सोयीचं आहे, सगळे म्हणतात. मला त्या पंपाचा मनापासून राग येतो. का येतो ते सांगायचं तर खिदिरपूरला जावं लागेल.

खिदिरपूरला आमचं सरकारी क्वार्टर होतं. बाबा कस्टममध्ये होते. नागपूर-पुण्याकडे कुणी विचारलं की आई "कलकत्त्याला असतो" असं जरा ऐटीत सांगायची. प्रत्यक्षात आमच्या खिडकीतून गोदीच्या भिंती, क्रेनचे शेंडे आणि कोळशाच्या धुरानं मळलेलं आभाळ दिसायचं. बोटीचा भोंगा वाजला की स्वयंपाकघरातली भांडी बारीक थरथरायची. मला ते घर अतिशय आवडे. आजही डोळे मिटून मी त्या घरात शिरते तेव्हा डाव्या हाताला मोरी असते, आणि मोरीच्या बाहेर लाकडी पाटावर आई बसलेली असते.

मला लहानपणापासून इसब होतं. कोपराच्या लवणीत, गुडघ्यांच्या मागे, मनगटांवर, मानेभोवती. आधी लाल व्हायचं, मग खाज, मग खाजवून खाजवून पाणी सुटायचं. शाळेत फेर धरायची वेळ आली की माझ्या दोन्ही बाजूंच्या मुली माझी बाही धरायच्या, हात नाही. त्यांच्यावर मी अजूनही थोडी रागावलेली आहे. पन्नास वर्षं झाली म्हणून काय झालं!

उपाय तर घरोघरचे झाले. कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी झालं, हळद झाली. खालच्या मजल्यावरच्या माशीमा, म्हणजे ज्यांना सगळी इमारत मावशी म्हणायची त्या बंगाली बाई, थंडीत आपल्या मुलांना गच्चीवर उन्हात बसवून मोहरीच्या तेलानं रगडायच्या. त्यांनी एकदा आईला प्रेमाने सांगितलं, "दिदि, ओके शोर्षेर तेल माखान." हिला मोहरीचं तेल लावा. आईने लावलं. मी अशी काही किंचाळले की गच्चीवरची कबुतरं उडाली. रोगापेक्षा इलाज भयंकर, दुसरं काय.

शेवटी भवानीपूरच्या एका म्हाताऱ्या त्वचेच्या डॉक्टरांकडे आई मला घेऊन गेली. बाबांना गोदीतून सुटी नव्हती, त्यामुळे आम्ही दोघीच. या माणसाने पहिली गोष्ट केली ती म्हणजे माझं मनगट सरळ आपल्या हातात घेतलं आणि अंगठा त्यावरून फिरवला. घरच्यांखेरीज कुणी त्या जागेला हात लावल्याचं मला तोवर आठवत नव्हतं. मग त्यांनी मोडक्या हिंदीत आईला सांगितलं की या मुलीची कातडी पाझरणाऱ्या माठासारखी आहे, पाणी धरून ठेवत नाही. कोरडी पडते म्हणून खाजते, खाजते म्हणून फुटते. तेव्हा वरून रोज लिंपण घालायचं. साबण नाही, डाळीचं पीठ नाही, वासाचं काही नाही. कोमट पाण्याची झटपट आंघोळ, अंग पुसायचं नाही, टिपायचं. आणि मग एकदम बंगालीत शिरून ते म्हणाले, "जोल शुकोबार आगे माखाबेन, मा. रोज. भालो थाकलेओ."

पाणी सुकायच्या आत लावा. रोज. बरं असलं तरीही.

आईचं बंगाली बाजारात शिकलेलं, पण एवढं तिला कळलं. पटलं मात्र नाही. बरं असताना औषध कशाला? आमच्याकडे रीत ठरलेली, गरज सरो, वैद्य मरो. महिनाभरात माझी कातडी स्वच्छ झाली, तसं आईने मलम बंद करून डबा वरच्या फळीवर ठेवून दिला. पंधरवडा गेला नाही तोच मनगट पुन्हा लाल. आईने मुकाट्याने डबा खाली काढला. त्यानंतर ते शेवटचे दोन बंगाली शब्द आमच्या घरचे झाले. बाबांनी पेपरातून मान वर काढून विचारावं, "आज तर काहीच दिसत नाही, रोज रोज काय ते फासता?" आणि आईने आतून उत्तर द्यावं, "भालो थाकलेओ!"

मलम म्हणजे काही अमृत नव्हतं. औषधाच्या दुकानातला कंपाउंडर पांढरं घट्ट पॅराफिन आणि पातळ पॅराफिन एकत्र गरम करून आम्ही नेलेल्या ऍल्युमिनियमच्या चपट्या डब्यात ओतून द्यायचा. थंड झालं की वरचा थर सायीसारखा गुळगुळीत दिसे. वास नाही, रंग नाही.

सकाळी साडेसहाला माझी आंघोळ. बाबांच्या जुन्या धोतराच्या तुकड्याने आई मला टिपायची आणि मग घाई सुरू. पाणी सुकायच्या आत म्हणजे किती वेळात, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. आमच्या मोरीजवळ घड्याळ नव्हतं. म्हणून आईने पाढ्यांचं माप लावलं. बे एके बेला सुरुवात आणि पाच दाहे पन्नासच्या आत सगळं अंग झालं पाहिजे. माझी शाळा इंग्रजी, मैत्रिणी बंगाली, गल्लीत हिंदी. मराठी पाढे माझ्या अंगात गेले ते असे, मलमाबरोबर. बेच्या पाढ्याला आधी पाठ. "पाठ पहिली," आई म्हणायची, "तिथे तुझा हात पोचत नाही." तीनचा पाढा मानेला आणि हातांना, चारचा पायांना, पाचचा मनगटांना. आजही कुणी 'तीन सत्ते' म्हटलं की माझी मान आपोआप पुढे झुकते.

डब्यात बोटं घालायची तिची एक पद्धत होती. तीन बोटं एकदम, कडेपासून मधोमध, एकच ओढ. मलमात तीन चर उमटायचे. तिच्या मधल्या बोटाला विळीने झालेली जुनी खोक होती, ती नीट भरली नव्हती. त्यामुळे मधल्या चरात एक बारीकशी उभी कड राहायची. मला ती कड बघायला आवडे. तो चर मोडायच्या आत बघून घ्यायचा, असा माझा रोजचा खेळ होता.

जवळजवळ वर्षभर मी अगदी छान राहिले. दुर्गापूजेला अर्ध्या बाह्यांचा फ्रॉक घातला. फेरात मुलींनी माझा हात धरला. मग दिवाळी आली.

कलकत्त्यात आमची दिवाळी म्हणजे गार्डन रीच. तिथल्या रेल्वे कॉलनीत चार-पाच मराठी कुटुंबं होती. नरकचतुर्दशीला सकाळी सगळ्यांनी नाहून-माखून तिथे जमायचं, फराळ करायचा, बायकांनी पोटभर मराठी बोलून घ्यायचं. आदल्या वर्षी मी तिथे गेले होते ती साध्या पाण्याने आंघोळ करून. बाकी सगळ्या मुलींच्या अंगाला उटण्याचा, तेलाचा वास. त्या एकमेकींचे हात हुंगून बघत होत्या. एकीने माझा हुंगला आणि म्हणाली, "हिला वासच नाहीये." एवढंच. पण तेवढ्याने माझी अख्खी दिवाळी गेली होती.

दर वर्षी नागपूरहून मामीचं पार्सल यायचं. मामा आईचा थोरला भाऊ. मामी उटणं घरी करायची. नागरमोथा, कचोरा, वाळा, मसुराचं पीठ आणि नागपूरच्या संत्र्यांच्या वाळवलेल्या साली, सगळं कुटून वस्त्रगाळ. त्या वर्षीच्या पुडीवर चिठ्ठी होती, 'वन्सं, यंदा साल जास्त घातली आहे, तुम्हांला आवडतं म्हणून.' आईने पुडी उघडली, नाकाशी धरली आणि डोळे मिटले. तशीच बसून राहिली. तिचं माहेर त्या पुडीत बांधून आलं होतं हे आता कळतं. तेव्हा मला एवढंच कळलं की मागायची हीच वेळ आहे.

"आई, मलापण लाव ना. एकच दिवस."

"डॉक्टर नको म्हणालेत."

"एक दिवसाने काय होतंय? मलापण वास पाहिजे."

वर्षभर ज्या बाईने एक सकाळ चुकवली नव्हती, तिचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर विरघळला. "चिमूटभरच हं," ती म्हणाली.

पहाटे पणतीच्या उजेडात तिने मला तेल लावलं, उटणं लावलं, अगदी हलक्या हाताने. चुणचुणलं, पण मी दात आवळून बसले. आंघोळीनंतर तिने सवयीने डबा उघडला आणि मी हात मागे घेतला. मलम लावलं असतं तर वास गेला असता. तिने डबा मिटला. बाबांनी मला जवळ घेऊन हुंगलं आणि म्हणाले, "आज खरी दिवाळीची पोर वाटतेय." गार्डन रीचला त्या दिवशी मी प्रत्येकीच्या नाकाशी हात नेला. इतक्या सुखात मी क्वचितच राहिले असेन.

भाऊबीजेला सकाळी माझी मान वळेना. दुपारपर्यंत कोपरं, मनगटं, गुडघे, सगळं पेटलं. चार दिवसांत पाणी सुटायला लागलं. इतकं वाईट याआधी कधीच झालं नव्हतं.

बाबांचा स्वभाव असा, की संकट आलं की त्यांना आधी गुन्हेगार लागायचा. नोकरीचाच परिणाम असावा. त्यांनी तो शोधला: कलकत्त्याची हवा. "दमट हवा, घाम, धूर, दुसरं काय होणार? मलमं फासून हवा बदलते का?" त्या वर्षी शहरही धड नव्हतं. आज बंद, उद्या गोळीबार, शाळा महिन्यातून दहा दिवस भरली तरी खूप. बाबांनी सगळी कारणं एकत्र बांधली आणि निकाल दिला. डिसेंबरात वार्षिक परीक्षा झाली की हिला नागपूरला मामाकडे पाठवायचं. "तिकडची हवा कोरडी. हे सगळं आपोआप सुकेल. कातडी स्वच्छ झाली की परत आणू."

आई काही बोलली नाही. मीही बोलले नाही.

मी का बोलले नाही ते मला माहीत आहे. उटण्याचं सांगितलं असतं तर बाबा आईवर कडाडले असते, आणि मागितलं तर मी होतं. आई का बोलली नाही, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. वहिनीने कौतुकाने कुटून पाठवलेल्या उटण्याने पोरीचं असं झालं, हे नवऱ्यासमोर कुठल्या तोंडाने म्हणायचं? माहेरच्या पार्सलाला नाव ठेवायचं नसतं. शिवाय नियम तिनेच मोडला होता. तर अशा आम्ही दोघी एका स्वयंपाकघरात समोरासमोर बसून पोळ्या लाटत होतो, दोघींना सगळं ठाऊक होतं, आणि दोघी गप्प.

निघायच्या दिवशी आईने मलम लावताना पाढे पाचला थांबवले नाहीत. सहाचा म्हटला, सातचा म्हटला. अंगावरचं पाणी केव्हाच सुकलं होतं. दहा दाहे शंभर झाल्यावर तिने डब्याचं झाकण दाबून बसवलं, फडक्यात बांधला आणि माझ्या ट्रंकेत ठेवला. "स्वतः लावायचं. पाठीला मामीला सांग." एवढंच म्हणाली. बाबा मला हावड्याहून मेलने घेऊन गेले, मामाकडे सोडलं आणि दुसऱ्या दिवशी परतले.

नागपूरला पहिल्या सकाळी आंघोळ करून मी डबा उघडला. मलमात तीन चर होते. मधल्यात ती बारीक कड.

मी झाकण लावून टाकलं.

आता बघा, मला घरी जायचं होतं. कातडी स्वच्छ झाल्याशिवाय घरी जाता येणार नव्हतं. मलम लावल्याशिवाय ती स्वच्छ होणार नव्हती. आणि मलमात बोट घातलं की आईची बोटं मोडणार होती. दहा वर्षांच्या डोक्याला यातून वाट दिसली नाही. मी रोज मोरीत कडी लावून मोठ्याने पाढे म्हणायची, म्हणजे बाहेर मामीला वाटावं मलम चाललंय. पाच दाहे पन्नास झालं की कोरडीच बाहेर यायची. दिवसातून दोनदा डबा उघडून बघायची, चर आहेत ना. पाठीला लावून देऊ का असं मामीने विचारलं, तर मी माझा हात पोचतो म्हणून थाप मारली.

नागपूरची डिसेंबरातली हवा बाबा म्हणाले तशीच कोरडी होती. माझं इसब सुकलं खरं, सुकून तडकलं. ओठ फुटले, बोटांच्या पेरांवर चिरा पडल्या, मान हलवली की रक्त यायचं. आगीतून फुफाट्यात. मामी घाबरून गेली. "मलम तर रोज लावून राहिली ना ही?" ती मामाला म्हणायची. "कसलं मलम आहे हे मेलं!"

एके दिवशी तिने ठरवलं की आज आपण स्वतः लावायचं. ट्रंकेतून डबा काढला, उघडला, आणि बोटं आत घालणार एवढ्यात मी तिचा हात धरून ओरडले. "नको! आईचं आहे!" मामी थिजली. मग चिडली. लोकाच्या पोरीचं करावं आणि वर हात धरून घ्यावा, असं काहीबाही बोलली. मी डबा छातीशी धरून कोपऱ्यात बसले.

मामा शाळामास्तर. कमी बोलणारा. तो माझ्याजवळ जमिनीवर येऊन बसला आणि म्हणाला, "बघू." मी झाकण उघडून लांबूनच दाखवला. त्याने बराच वेळ बघितलं. लहानपणी आईचं बोट विळीने कापलं तेव्हा तो शेजारीच होता, हे मला नंतर समजलं. "मिट," तो म्हणाला. त्याच दुपारी त्याने आईला कार्ड लिहिलं.

गार्डन रीचच्या रेल्वे ऑफिसातले एक गृहस्थ कामासाठी महिन्याला नागपूरला यायचे. संक्रांतीच्या आसपास ते दारात आले आणि फडक्यात बांधलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. "तुझ्या आईने दिलंय. तिरपं करायचं नाही म्हणून शपथ घातली होती. रात्रभर मांडीवर धरून आणलंय."

तसाच ऍल्युमिनियमचा चपटा डबा. नवा. मी झाकण काढलं. गुळगुळीत पांढऱ्या मलमात कडेपासून मधोमध तीन चर ओढलेले होते, आणि मधल्या चरात बारीक उभी कड.

झाकणाच्या आत चिठ्ठी होती. 'आता जुना वापर. हा पुढच्या महिन्यापर्यंत बघायला. भालो थाकलेओ.'

दुसऱ्या दिवशी मी जुन्या डब्यात बोटं घातली. चर मोडला तेव्हा मला रडू आलं, आणि रडता रडता मी पाढे म्हणत राहिले. बेचा पाढा संपायच्या आत मामीने बाहेरून कडी वाजवली. मी उघडली. तिने बोटांवर मलम घेतलं आणि माझ्या पाठीला लावलं. तिला पाढ्यांची गंमत माहीत नव्हती, तरी तीन सत्ते एकवीसला तिने माझ्याबरोबर आवाज मिसळला. मामीबद्दलचा माझा सगळा राग त्या सकाळी संपला.

फेब्रुवारीत दुसरा डबा आला, त्यातही तीन बोटं. मग मी पहिला नवा डबा वापरायला काढला. असं आमचं चक्र बसलं. शिवरात्रीपर्यंत माझी कातडी अशी झाली की मामीच्या मैत्रिणी गाल ओढायला लागल्या. मामाने बाबांना आनंदाने कळवलं. मी ट्रंक आवरायला घेतली.

बाबांचं पत्र आलं. 'वाचून फार बरं वाटलं. म्हणजे माझा अंदाज बरोबर ठरला. नागपूरची हवा तिला मानवली. तेव्हा आता तिला तिथेच शिकू द्यावं. मॅट्रिकपर्यंत तिकडेच राहिली तर उत्तम.'

मामाने ते वाचून दाखवलं आणि पत्राची घडी घालत बसला. मी आवरलेली ट्रंक तशीच उघडी पडली होती. इसब राहिलं असतं तर घरी जाता आलं नसतं. इसब गेलं, तरी जाता येणार नव्हतं. मला वाटलं, ओरडून सांगावं की हवा नव्हे, उटणं होतं. पण मामी समोर बसली होती. तिच्या हाताला अजून मलमाचा ओशटपणा होता. मी पुन्हा गप्प बसले. या गप्प बसण्याचा मला पुढे आयुष्यभर वीट आला, आणि म्हणूनच असेल, आता मी जरा जास्तच बोलते.

मार्च संपत आला. नागपूरचं ऊन चढलं. गार्डन रीचचे गृहस्थ यायचा दिवस होता, म्हणून मी सकाळपासून फाटकावर उभी होते. सायकलरिक्षा थांबली. तिच्यातून आई उतरली.

एकटी. एका हातात वळकटी, दुसऱ्यात फडक्यात बांधलेला डबा. कलकत्त्याहून एकटीने प्रवास तिने त्याआधी कधी केला नव्हता. मी धावले नाही. तीच आली, फाटकाशीच उभ्या उभ्या तिने फडकं सोडलं आणि झाकण काढून डबा माझ्यापुढे धरला. आतलं मलम उन्हाने पातळ होऊन सपाट झालं होतं. एकही चर नव्हता.

"उन्हाळा लागला," आई म्हणाली. "आता बोटं टिकायची नाहीत. म्हणून मीच आले."

आत गेल्यावर तिने पाणीसुद्धा घेतलं नाही. मामा-मामीला समोर बसवलं आणि म्हणाली, "वहिनी, रागावू नका. हवेनं काही झालं नव्हतं. दिवाळीला मी हिला उटणं लावलं, डॉक्टर नको म्हणाले असताना. यांनाही परवा सगळं सांगितलं. ओरडले. ओरडू देत. पोर माझ्याजवळ राहील."

"मी मागितलं होतं," मी म्हणाले. "आईने आपणहून नाही लावलं."

मामीचा चेहरा पडला. मग ती उठली, आईला तांब्याभर पाणी दिलं आणि म्हणाली, "वन्सं, एक कार्ड टाकलं असतं तर मी साल घातली नसती हो." आणि दोघी रडायला लागल्या. मामा बाहेर जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने मला नागपूरच्या मोरीबाहेर पाटावर बसवलं. आधी पाठ. बे एके बे. आठवडाभराने आम्ही खिदिरपूरला परतलो. हावड्याला बाबा आले होते. त्यांनी माझं मनगट हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, आणि त्यानंतर रोज-रोज-काय-फासता असं पुन्हा कधी विचारलं नाही.

पुढे बदली झाली, ते क्वार्टर सुटलं, कलकत्ता सुटलं. खिदिरपूरला मी नंतर एकदाच जाऊन आले; इमारत होती, आमच्या खिडकीत दुसऱ्यांचे कपडे वाळत होते. आई जाऊनही आता अकरा वर्षं झाली. लग्न होईपर्यंत, मी चांगली घोडी झाले तरी, माझी पाठ तिच्याकडेच होती. माहेरी गेले की अजून केस ओले असतानाच ती हाक मारायची. माझी कातडी स्वच्छ असायची. "कशाला गं?" मी म्हणायची. ती काय म्हणायची ते सांगायला नकोच.

मी अजून रोज लावते. कोमट पाणी, टिपलेलं अंग, पाणी सुकायच्या आत. पंप दाबते, तळव्यावर पांढरा गोळा येतो, त्यात काही उमटत नाही. तीनचा पाढा मानेला, चारचा पायांना, पाचचा मनगटांना. बेचा पाढा मी म्हणत नाही. पाठीच्या मधोमध माझा हात पोचत नाही, तेवढी जागा कोरडीच राहते.